नजीरामावशीच्या पायांवर

सदर बाजारातल्या आमच्या तीन गल्ल्यांत चाळिशीच्या आतलं जे कुणी आहे, त्यातलं निम्मं तरी नजीरामावशीच्या नाहीतर तिच्या सासूच्या पायांवर उताणं-पालथं झालेलं आहे. मी सासूच्या पायांवर, माझी पोरगी नजीरामावशीच्या. हे मी अभिमानानं सांगते. आणि याच जानेवारीत मी त्याच पायांच्या नावानं दिवसरात्र बोटं मोडत होते, हेही सांगते. सोयीचं तेवढंच सांगायची मला सवय नाही.

मी श्रुती. ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळं कुठल्याही गोष्टीचं कारण आपल्याला ठाऊक असतं असं मला वाटायचं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी, आईकडं आले होते. आई म्हणजे सरुबाई, छप्पन्न वर्षांची, कुणाचं ऐकून न घेणारी. नवरा प्रसेनजीत शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. सुट्टीच्या दिवशी यायचा, पाळण्यापाशी बसायचा आणि दिवेलागणीला निघायचा. बाकीचे सहा दिवस घरात आम्ही दोघी, तान्ही पोर आणि सकाळी आठच्या ठोक्याला नजीरामावशी.

बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणं हे तिचं काम. शेहेचाळीस वर्षांची, ठेंगणी, आवाज असा की ती न्हाणीतून बोलली तर रस्त्यावरच्या माणसानं ओ द्यावी. तेव्हा तिच्याकडं सात घरं होती आणि प्रत्येक घरच्या खुंटीवर तिच्यासाठी एक जुनी साडी असायची. आली की अंगावरची साडी सोडून ती नेसायची, कोपरापर्यंत हात धुवायची आणि मगच बाळाला शिवायची. या घरचं त्या घरी न्यायचं नाही, हा सासूनं घालून दिलेला नियम. मग पाटावर बसून पाय लांब करायचे, साडी गुडघ्याच्या वर खोचायची आणि उघड्या नडग्यांवर बाळाला झोपवायचं. मध्ये कापड नाही. "पोराला कातडं कळतंय," म्हणायची. "कापडावर ठिवलं की रडतंय बग."

कातडं तिला स्वतःलाही कळायचं. शेजारच्या चिमणाबाईंच्या नातवाच्या नाकावर बोट दाबून तिनं सांगितलं होतं, पोर पिवळं पडलंय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी त्याला दिव्याखाली ठेवलं. घामोळं कुठलं, दुधाचं पुरळ कुठलं, मुंगी चावलेलं कुठलं, हे ती लांबून सांगायची आणि बरोबर निघायचं. म्हणून तर पुढं जे झालं त्याचा मला इतका राग आला.

तिचा भाचा शहजाद दुबईत वेल्डर आहे. मुरगूडची बहीण वारल्यावर नजीरामावशीनंच त्याला वाढवला. जानेवारीच्या सुरुवातीला तो सुट्टीवर आला आणि तिसऱ्या दिवशी तापानं पडला. डोकं फुटतंय म्हणाला, कंबर धरली, उठवेना. प्रवासाचा शीण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दोन दिवसांनी तोंडावर, हातावर लाल पुळ्या उठल्या. नजीरामावशीनं बघितलं आणि सांगितलं, कांजण्या.

आमच्याकडं कांजण्यांचा एक रिवाज आहे. ज्याला येऊन गेल्यात त्यानंच आजाऱ्याचं करायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं. कारण एकदा आल्या की पुन्हा येत नाहीत. यात चूक काहीच नाही, मी वर्गात सांगितलं तरी हेच सांगीन. नवरा लालासाब याला कधी आल्या नव्हत्या, म्हणून त्याला तिनं मुरगूडला भावाकडं धाडलं. हिला आठव्या वर्षी येऊन गेल्या होत्या, म्हणून ही राहिली. सात दिवस कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं त्याचं अंग पुसलं, चादरी बदलल्या, कपडे हातानं पिळले. तळहातावरच्या फोडांचं विचारलं तर तो म्हणाला वेल्डिंगचे चटके आहेत, आणि वेल्डरच्या हाताला चटके असतातच. मानेची गाठ सर्दीची ठरली. जांघेतल्या गाठी त्यानं मावशीला दाखवल्याच नाहीत, लाज वाटली म्हणून. रोज काम आवरून ती अंघोळ करायची, हाताला डेटॉल लावायची आणि आमच्या घरांकडं निघायची.

हे सगळं मला नंतर कळलं. आम्हाला ती एवढंच म्हणाली होती की भाचा आलाय आणि अंगानं बरा नाही.

त्या शुक्रवारी पोर वीस दिवसांची होती. थंडी मी म्हणत होती. नजीरामावशी आली ती गप्प, आणि ती गप्प असणं म्हणजे आईला बातमीच.

"का गं, तोंड का बारीक केलंयस?" आईनं विचारलं.

"अंगात जरा कसर हाय," ती म्हणाली. "काल पाणी लई शेंदलं. हुईल बरं."

रोज अंगाला पाणी लागलं की पोर टाहो फोडायची. त्या दिवशी मावशीच्या पायांवर ती एवढीशी मिटून पडली आणि डोळे झाकले. आई हसली. "नजीरा, तुजं पाय आज चुलीगत गरम हायत, म्हणून निजली बग." आम्ही तिघी हसलो. मग मावशीनं माझी पाठ चोळली, पोरीची टाळू भरली, धुरी दिली आणि गेली. ते हसणं अजून मला आठवतं.

शनिवारी आठ वाजले, ती आली नाही. नऊला फोन.

"श्रुती, मी येणार न्हाय. आन् मी काय सांगतो ते पुरतं ऐक, मधी बोलू नको. माज्या तळहातावर दोन फोड उठल्यात. काखंत गाठ आलीया. कांजणी तळहातावर येत न्हाय, मी हितकी वर्सं कातडी बगतोय. मंजे शहजादला कांजण्या न्हाईत."

"मग काय हाय?"

"ते मला म्हायती न्हाय. त्याला घिऊन सरकारी दवाखान्यात निघालोय. सातीच्या साती घरांची नावं दिणार हाय, तुजं बी. माजी साडी पिशवीत बांध, पोरीजवळ येऊ दिऊ नको. आन् पोरीचं अंग बग. रोज बग."

मी फोन ठेवून पोरीला उघडी केली आणि तिचा एकेक इंच तपासला. काही नव्हतं. पुन्हा तपासला. आईनं खुंटीवरची साडी काठीनं उचलून पिशवीत घातली आणि पिशवी परसात ठेवली. मग दोघी न्हाणीच्या दारात उभ्या राहिलो. पाट भिंतीला टेकवलेला होता. त्याला कुणी हात लावायचा, हे ठरेना.

नमुने पुण्याला गेले. सोमवारी आरोग्य खात्याची माणसं आली, बरोबर एक डॉक्टरीणबाई. तोंडाला मास्क, हातात कागद. त्यांनी मंकीपॉक्स हे नाव घेतलं. बातम्यांत ऐकलेला रोग आपल्या न्हाणीत येऊन गेलाय, हे डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं.

"वाऱ्यावर गावभर पसरणारा रोग नाही हा," त्या म्हणाल्या. "पुरळाला अंग लागलं, खपली लागली, आजाऱ्याची चादर-टॉवेल वापरला, किंवा तोंडासमोर तोंड ठेवून बराच वेळ बसलं, तर लागतो. शरीरसंबंधातूनही लागतो. शहजाद ज्या खोलीत राहायचा तिथं आठ जण होते. एक पाळीला गेला की दुसरा त्याच अंथरुणात झोपायचा. त्यातल्या एकाच्या अंगावर पुरळ होतं."

"मावशीला शुक्रवारी पुरळ नव्हतं," मी म्हणाले. "नुसती कसर होती."

"ताप आला त्या दिवसापासून लागू शकतो, असं धरून चालायचं."

"मोठ्या माणसांना काय होतं?"

"बहुतेक जण आपोआप बरे होतात. तीन-चार आठवड्यांत खपल्या पडून खाली नवी कातडी येते."

"आणि तान्ह्या बाळांना?"

त्यांनी कागदावरून नजर उचलली नाही. "बाळांना फार जपावं लागतं," त्या म्हणाल्या.

मला एवढं पुरे झालं. शिकलेल्या माणसाला न बोललेलंही ऐकू येतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

शुक्रवारपासून एकवीस दिवस मोजायचे होते. सकाळ-संध्याकाळ दोघींचा ताप बघायचा. तळहात, तळपाय, तोंडाच्या आत, जांघा, मान. पोरीचं आणि माझंही, कारण माझी पाठ त्याच हातांनी चोळली होती. मला काही उठलं तर पोरीला जवळ घ्यायचं नाही. आईनं बाही वर करून दंडावरचा जुना गोल वण दाखवला. "मला देवी टोचल्यात ल्हानपणी. मला काय हुतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या लसीचा थोडा आधार असतो, पण त्यावर विसंबू नका. आईनं अर्धंच ऐकलं आणि त्या दिवसापासून पोरीला माझ्याकडं फक्त दूध पाजायला देऊ लागली. मी मास्क लावून पाजायची. पोर माझ्या तोंडाकडं बघायची आणि तिला अर्धीच आई दिसायची.

गल्लीत काय काय झालं ते लिहायला लागले तर शिव्याच लिहाव्या लागतील. कुणी म्हणालं माकडताप आलाय. तो वेगळा, तो गोचिडीनं होतो, हे सांगून माझं तोंड दुखलं. चिमणाबाई दारातून लांब उभ्या राहून विचारत होत्या, जोतिबाला माकडानं त्यांच्या हातातलं खोबरं ओढून नेलं होतं, त्यानं काही होईल का. शहजादच्या चालीबद्दल लोक जे बोलले ते इथं लिहिणार नाही. आठ माणसांत चार अंथरुणं, यात कुणाची चाल बिघडायला जागा तरी कुठं होती.

पण मी तरी काय वेगळी होते? मनातल्या मनात मी नजीरामावशीला रोज उभी-आडवी झोडत होते. घरात आजारी माणूस असताना का आलीस? कसर होती तर का आलीस? उघड्या पायांवर का घेतलीस? तीस वर्षं कातडी बघतेस तर सात दिवस काय बघत होतीस? मग पोर हातात यायची, तिचे तळवे गुलाबी आणि कोरे असायचे, आणि मला रडू फुटायचं.

मावशी दवाखान्यात वेगळ्या खोलीत एकटी होती. रोज पाचला फोन करायची. मला तो फोन घ्यायचा नसायचा, तरी घ्यायची, कारण ती आपल्या अंगाचं सगळं सांगायची आणि मी वहीत लिहून घ्यायची. "ध्यान दे," म्हणायची. "पैलं डोकं आन् कंबर. मग गाठी. मग सपाट लाल ठिपका, बोटाला लागत न्हाय. दुसऱ्या दिशी वर येतंय. मग पाणी धरतंय, मग पू. मधी खड्डा पडतोय बारका, डाळीयेवडा. समदं एका टायमाला पिकत्यात, कांजणीगत मागं-फुडं न्हाय." एकदा तिला बोलवेना. तोंडात फोड आले होते, चहाचा कप धरला तर तळहातांत सुया टोचत होत्या. "असलं दुकणं दुष्मनाला बी नको," एवढंच म्हणाली आणि लगेच, "पोरीचं तोंड उगडून बगितलं का आज?"

त्या शुक्रवारनंतरचा अकरावा दिवस. दुपारी आईनं पोरीचं झबलं काढलं आणि हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. पोरीच्या मानेवर, छातीवर आणि पाठीवर लाल बारीक पुरळ उठलं होतं.

मी भिंतीला धरून खाली बसले. माझे कान बंद झाले. आई काहीतरी बोलत होती आणि मला नुसते तिचे ओठ हललेले दिसत होते. वीस आणि अकरा, एकतीस दिवसांची पोर. मला एवढंच सुचत होतं.

आईनं प्रसेनजीतला फोन लावला आणि दवाखान्याला कळवलं. तेवढ्यात पाच वाजले आणि मावशीचा फोन आला. आईनं तिला पुरळाचं सांगितलं. "व्हिडिओ लाव," ती म्हणाली. पडद्यावर तिचं तोंड बघून मी दचकले. कपाळावर, नाकावर, ओठांच्या कडेला काळ्या खपल्या, एक डोळा सुजलेला. मी फोन पोरीवर धरला.

"जवळ घे. तळहात दाव. तळपाय. काखा दाव. सरूक्का, किती कापडं घातल्याली हिला?"

"तीन. आन् शेगडी हाय की जवळ. खिडक्या बी लावल्यात."

"घामोळं हाय, श्रुती. भिऊ नको. खिडकी उगड, कापडं काढ."

त्या क्षणी मी जे बोलले ते लिहायचं टाळणार होते. "त्या वेळी तुम्हाला कांजण्याच वाटल्या होत्या की," मी म्हणाले. "तुमच्या शब्दावर मी माझी पोर ठेवू?"

जन्मात पहिल्यांदा मी तिला 'तुम्ही' म्हणाले होते. तिनं खपल्यांच्या हातानं डोळा पुसला आणि दुखलं म्हणून हात झटकला. "न्हाय, माज्यावर ठिवू नको," ती म्हणाली. "डाक्टरला दाव. आत्ता जा."

प्रसेनजीत कामाच्या कपड्यांतच आला. दवाखान्यात आम्हाला एका बाजूच्या खोलीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी पोरीला बघितलं, घामोळंच वाटतंय म्हणाल्या, तरी नमुना घेतला. निकालाला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत आम्ही नवरा-बायको एकमेकांशी चार वाक्यं बोललो असू. तो पोरीच्या उशाशी बसायचा आणि तिचा श्वास चालू आहे का ते बघायचा. खिडक्या उघड्या ठेवल्या, कपडे एकावर आणले. दुसऱ्या दिवशी पुरळ फिकं पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, काही निघालं नाही, म्हणून. प्रसेनजीत परसात गेला आणि तिथं रडून आला.

राहिलेले दिवस आम्ही तसेच मोजले, सकाळ-संध्याकाळ, एकही न चुकता. एकविसावा संपला. पोरीला काही झालं नाही, मला नाही, आईला नाही. सातही घरांत कुणाला झालं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाईनं पहिला फोड दिसताच काम सोडलं आणि सगळ्यांची नावं दिली, त्यामुळं पुढं कुठं गेलं नाही. घरोघरच्या वेगळ्या साड्यांचं ऐकून त्यांनी तेही लिहून घेतलं. शहजाद तिच्याआधी बरा झाला.

मावशी सव्वीस दिवसांनी घरी आली. सातांतल्या एकाही घरानं तिला बोलावलं नाही. आम्हीही नाही. आईचा जीव तुटत होता, पण मी म्हणाले, थोडं थांबू. आई आता पोरीला पाटावर कापड घालून न्हाऊ घालते आणि पोर रडते.

मागच्या आठवड्यात सकाळी ती आली. पायरीच्या खाली उभी राहिली, आत येत नव्हती. तोंडावर फिकट डाग होते, तळहातांची कातडी नवी, लालसर. दवाखान्यानं दिलेला कागद तिनं काखेतल्या पिशवीतून काढून पायरीवर ठेवला, मी वाचावा म्हणून. खपल्या सगळ्या पडल्या आहेत, आता हिच्यापासून कुणाला लागण होणार नाही. मला ते आधीच माहीत होतं. खपली पडली आणि नवी कातडी आली की धोका संपला, हे मी स्वतः शंभर वेळा वाचलं होतं आणि चिमणाबाईंना समजावलंही होतं.

"लांबनंच दाव," ती म्हणाली. "बगून जातो."

पोर माझ्या खांद्यावर होती. मी तिला वळवली. मावशीला बघून, का कशानं, पोरीनं दोन्ही हात हवेत मारले. मावशी हसली आणि नकळत तिचे हात पुढं आले.

मी मागं सरले. एकच पाऊल. ठरवून नाही, पण सरले.

तिनं हात पदरात घेतले. माझ्याकडं बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मी बी आसंच केलं आसतं."

मग ती गेली. मी तिथंच उभी राहिले, पोरीला घट्ट धरून. ती माझी समजूत काढायला खोटं बोलली होती. मागं सरणाऱ्यांतली असती, तर तिला तो रोग लागलाच नसता.